खोकल्याच्या औषधाची बाटली

बूच काढलं की आधी काहीच येत नाही. बाटली तशीच नाकाशी धरून ठेवावी लागते, एक श्वास सोडून दुसरा अगदी सावकाश घ्यावा लागतो, आणि मग कुठून तरी खोलातून पेपरमिंटची एक थंड रेघ वर येते, तिच्यामागून ज्येष्ठमधाचा गोडसर, किंचित मातकट गंध, आणि सर्वांत शेवटी, आलाच तर, आमच्या गावच्या दवाखान्यातल्या त्या लाल औषधाचा वास, ज्यात नेमकं काय काय असायचं हे तीस वर्षं औषधांच्या दुकानात उभं राहूनही मला सांगता येणार नाही. हा वास मी वर्षातून एकदाच घ्यायचो, पितृपक्षात, बाबांच्या तिथीला. बूच जितक्या वेळा निघेल तितका वास उडेल हे साधं शास्त्र मला कळत होतं, आणि ज्या गोष्टीत भर पडणार नाही ती जपून वापरावी एवढा चिक्कूपणा माझ्यात जन्मजात आहे.

बाबा कऱ्हाडला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. लाकडी पार्टिशनला पाडलेली एक चौकोनी खिडकी, तिच्या अलीकडे पेशंट आणि पलीकडे बाबा. त्या काळी औषधाला येताना बाटली घरून आणायची रीत होती. खिडकीतून एक हात आत यायचा, त्यात बाटली असायची, कधी लख्ख घासलेली, कधी तळाशी गोडेतेलाचा ओघळ मिरवणारी. बाबा ती विसळायचे, मोठ्या बरणीतून औषध ओतायचे, पाणी घालून हलवायचे, आणि मग कागदाच्या अरुंद पट्टीच्या घड्या घालून कात्रीने तिचे कोपरे कातरायचे. घडी उलगडली की पट्टीच्या दोन्ही कडांना सारख्या अंतरावर सहा खाचा. एका खाचेला एक डोस. खळ लावून ती पट्टी बाटलीवर चिकटवली की अक्षरओळख नसलेल्या माणसालाही औषध किती घ्यायचं ते समजायचं. पण काही माणसं बाटली न घेताच येत. बाबा त्यांना ‘बिनबाटलीचे पेशंट’ म्हणत. डॉक्टर त्यांच्यावर खेकसत, आणि बाबांनी मात्र त्यांच्यासाठी टेबलाखाली एक खोकं ठेवलेलं असे. त्यात गावभरातून जमवलेल्या, उकळून धुतलेल्या, दुपारच्या निवांत वेळात आधीच पट्ट्या लावून ठेवलेल्या बाटल्या. आजारी माणसाला बाटलीची आठवण कशी राहील, असं ते म्हणायचे. त्यांचं दुसरं वाक्य होतं, “वेळेवर पोटात गेलं तर औषध, नाहीतर नुसतं रंगीत पाणी.” लहानपणी ही दोन्ही वाक्यं मला फार साधी वाटत.

बाबा गेले तेव्हा न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनहून निघून घरी पोहोचेपर्यंत चौथा दिवस उजाडला होता. सगळं उरकलेलं होतं. माळ्यावर ते खोकं सापडलं, त्यात एकच बाटली शिल्लक होती. मुलांच्या खोकल्याच्या औषधाची, गोल, सरळ अंगाची, मधल्या बोटाहून जराशी उंच, जाड काचेची. पट्टी लावलेली, बूच घातलेली आणि कधीच न भरलेली. काच धुतलेली होती, पण बूच वर्षानुवर्षं दवाखान्यात राहिलेलं, त्याने वास धरून ठेवला होता. मी तेवढीच मागून घेतली. ऑकलंडच्या विमानतळावर सामान तपासणाऱ्या बाईने ती उजेडात धरून विचारलं, यात काय आहे? मी म्हणालो, काही नाही. तिने बूच काढून हुंगलं, भुवया उंचावल्या आणि बाटली परत दिली. माझ्या वाट्याचा एक श्वास तिने उगाच खर्च केला, असं मला कितीतरी दिवस वाटत राहिलं.

जॉन्सनव्हिलच्या स्टेशनपासून पाच मिनिटांवरच्या एका फार्मसीत मी काम करतो. टेकडीच्या उतारावर माझं घर आहे, आणि वेलिंग्टनचा तो प्रसिद्ध वारा त्या घराला रात्रंदिवस ओळख विचारत असतो. मेधा, माझी बायको, चार वर्षांपासून ऑकलंडला राहते. तिथल्या माउंट वेलिंग्टन नावाच्या उपनगरातल्या तिच्या ऑफिसात तिला वरची जागा मिळाली आणि ती सोडण्यात काही अर्थ नव्हता. महिन्यातून एकदा ती येते किंवा मी जातो. आमचं भांडण वगैरे काही नाही. दोन्ही घरं व्यवस्थित चालतात, आणि दोन्ही घरांत सिंकशेजारी एकेकच कप विसळून पालथा घातलेला असतो.

वेंडेल दर बुधवारी साडेदहाला येत. वय एक्क्याऐंशी, काळाभोर रंग, ताठ कणा, तपकिरी फेल्टची टोपी, आणि पावसातही पॉलिश केलेले बूट. आठवड्याच्या गोळ्या वारांप्रमाणे कप्प्यांत भरलेलं त्यांचं पाकीट मी तयार करेपर्यंत ते काउंटरला टेकून उभे राहत आणि मला ‘डॉक’ म्हणत. मी डॉक्टर नाही हे त्यांना दोनदा सांगून पाहिलं. “मला गोळ्या कोण देतो? तूच ना? मग संपलं,” असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. या देशात सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, मीही मारायचो, पण घरी येऊन मनाशी त्यांचा विचार करताना ते आपोआप अहो-जाहो होत.

ते ब्लूज गाणारे होते. त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, ज्याचं नाव कुणी ऐकलेलं नाही असा ब्लूजवाला. त्यांची हकिगत मला बुधवारच्या हप्त्यांनी मिळाली, गोळ्यांच्या पाकिटासारखी. आर्कान्सामधलं नदीकाठचं एक गाव. आई लोकांचे कपडे धुवायची. घराच्या लाकडी भिंतीवर दोन खिळे ठोकून त्यांच्यात केरसुणीला गुंडाळलेली असायची ती तार ताणलेली, तारेच्या दोन्ही टोकांखाली एकेक दगड खुपसलेला, आणि तारेवरून फिरवायला आईच्या खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली. हे त्यांचं पहिलं वाद्य. तार छेडली की अख्खं घर वाजायचं आणि आतून आई ओरडायची की माझी भांडी हलतात. पुढे गिटार मिळाली तेव्हा त्यांनी त्याच बाटलीची मान कापली आणि उरलेली नळी टोपणासारखी करंगळीत घातली. तारेवर बोट दाबायचं नाही, काच नुसती सरकवायची. मग सूर एका जागी उभा राहत नाही, दोन सुरांमधल्या अनोळखी जागेतून घसरत जातो. आपल्याकडची मींड, मी म्हणालो, आणि काउंटरवरच एक भसाडी मींड गाऊन दाखवली. ते टोपी काढून हसले.

अठराव्या वर्षी ते शिकागोला गेले. दिवसा खाटीकखान्यात बर्फाच्या लाद्या ओढायच्या, शुक्रवार-शनिवारी बारमध्ये गायचं. एक रेकॉर्ड निघाली, दोन्ही बाजूंना मिळून दोन गाणी, आणि वर्षभरात ती काढणारी कंपनीच बुडाली. त्यानंतर नावाजलेल्या गायकांच्या मागे उभं राहून गिटार वाजवणं हीच त्यांची कारकीर्द झाली. पुढे उभा असलेला माणूस बदलायचा, मागे वेंडेल तेच. अशाच एका गायकाबरोबर ते न्यूझीलंडच्या दौऱ्यावर आले आणि वेलिंग्टनमध्ये त्यांचं अपेंडिक्स फुटलं. हॉस्पिटलात डॉरीन नावाची नर्स होती, तिमारूकडची, फार बोलणारी. ताफ्याची बस ऑकलंडला निघाली त्या सकाळी वेंडेल बॅग आणि गिटार घेऊन ठरल्या जागी उभे होते. बस आली, दार उघडलं, आतून हाका आल्या, आणि त्यांनी मान हलवून दार लावून घ्यायला सांगितलं. मग जन्मभर, तुम्ही इथे कसे राहिलात असं कुणी विचारलं की ते एकच उत्तर देत, “बस चुकली,” आणि शेजारी उभी असलेली डॉरीन दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसायची.

बंदरावर नोकरी, शनिवारी पबमध्ये गाणं. मग पबमध्ये मोठाले टीव्ही आले, मॅचेस आल्या, आणि कोपऱ्यातली ती वीतभर उंचीची स्टेज कुणी तरी काढून टाकली. अमेरिकेत कुणी अभ्यासकाने ब्लूजवाल्यांची एक जाडजूड यादी छापली, तिच्यात त्यांचं नाव होतं. जन्मसाल बरोबर, आणि मृत्यूच्या जागी एक प्रश्नचिन्ह. ते पान त्यांनी मला घडी उलगडून दाखवलं होतं. “चूक नाहीये रे डॉक,” ते म्हणाले, “मलाही कधीकधी तेच विचारावंसं वाटतं.”

ब्लूजच्या गाण्याची रीतही मला त्यांनीच समजावली. पहिली ओळ म्हणायची; मग तीच ओळ पुन्हा म्हणायची, कारण दुःख एकदा सांगून कुणाला पटत नाही; आणि तिसरी ओळ उत्तरासारखी यायची, जिच्यात बहुतेक वेळा थोडा विनोद असतो. दोनदा रडायचं आणि तिसऱ्यांदा खांदे उडवायचे. मी हे घरी जाऊन मेधाला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, “आपल्याकडे दोनदाच असतं रे, तिसरी ओळ आपण गिळतो.”

गेल्या सप्टेंबरच्या पहिल्या बुधवारी ते आले तेव्हा दुकानासमोरचं कोवाईचं झाड फुललं होतं. इथला वसंत असा पिवळा असतो, पानं येण्याआधी फुलं, आणि फुलांत चोच घालून उलटे लटकलेले तुई पक्षी. वेंडेलनी टोपी काढून काउंटरवर ठेवली. दोन वर्षांपासून डॉरीन टेकडीवरच्या रेस्ट होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात होती, हे मला माहीत होतं. तिला माणसं ओळखू येत नव्हती, नवरा नाही, तिची स्वतःची बहीण नाही. पण वेंडेल रोज दुपारी गिटार घेऊन जात, आणि काच तारेवरून सरकली की ती मान वर करायची, “वेंडेल आला,” म्हणायची, आणि त्यांच्या तोंडाकडे बघून हात पुढे करायची. वाजवणं चालू असेपर्यंत ते तिचे असत. “तेवढा अर्धा तास, डॉक, माझं लग्न शाबूत असतं,” ते म्हणाले.

आणि सोमवारी ती काचेची नळी त्यांच्या हातातून निसटून तिथल्या फरशीवर फुटली होती. आईची बाटली, साठ वर्षांहून अधिक काळ करंगळीत वागवलेली. डाव्या हाताची बोटं संधिवाताने वाकलेली, त्यांना तार दाबता येत नव्हती. काच होती म्हणूनच वाजवणं होतं. संगीताच्या दुकानातून त्यांनी पितळेची नळी आणली, मग गुळगुळीत विकाऊ काचेची, मग वाइनच्या बाटलीची मान कापून पाहिली. एकातूनही तो आवाज येईना. जुन्या औषधाच्या बाटलीची जाड, थोडी वेडीवाकडी काच हवी आणि तिला तळ हवा, म्हणजे आत हवा कोंडून राहते, असं त्यांचं म्हणणं. “तुझ्याकडे जुनी एखादी असेल ना? कुणाचीही चालेल.”

मी म्हणालो, “आता सगळं प्लास्टिकचं येतं, वेंडेल.”

हे खोटं नव्हतं. दुकानात खरोखर काचेची एकही बाटली नव्हती. पण ते विचारत असताना माझ्या डोळ्यांपुढे माझ्या घरातली खिडकी आली, तिच्या कठड्यावर उन्हात उभी असलेली ती बाटली आली, आणि मी घाईघाईने त्यांच्या गोळ्यांच्या पाकिटावर तारीख लिहायला घेतली. टोपी घालताना ते म्हणाले, बघ कुठे दिसली तर. मी म्हणालो, बघतो.

दुसऱ्या बुधवारी त्यांनी विचारलंही नाही. मीच उगाच पाऊस, वारा, कोवाई असं काहीबाही बोलत राहिलो. त्या आठवड्यात मी मनाशी पुष्कळ युक्तिवाद केले. शहरात इतकी दुकानं आहेत, जुन्या वस्तूंची ऑप शॉप आहेत, त्यांना मिळेल कुठेतरी. मिळाली नाही तर बघू. आता तिथी जवळ आली आहे, तिथी झाल्यावर बघू. माणूस स्वतःची समजूत घालायला लागला की त्याच्याइतका गोडबोल्या वकील सापडायचा नाही.

तिसऱ्या बुधवारी दुपारी रेस्ट होमची औषधं पोचवायला मी स्वतःच गेलो. नेहमीचा माणूस रजेवर होता. आरोहा नावाची तिथली सेविका दारातच भेटली, माओरी रीतीने “किया ओरा, हेमंत!” म्हणाली, आणि खोके हातातून घेता घेता डोळ्यांनीच तिने मला दिवाणखान्याकडे बघायला सांगितलं. खिडकीपाशी डॉरीन बसली होती, पांढरे केस नीट विंचरलेले, मांडीवर लोकरीची शाल. समोर खुर्चीच्या टोकावर वेंडेल, करंगळीत पितळेची नळी. सूर जागेवर होते, पण आवाज पत्र्याच्या छपरावरून काहीतरी ओढत नेल्यासारखा येत होता. डॉरीन सभ्यपणे ऐकत होती. गाणं संपल्यावर तिने दोन टाळ्या वाजवल्या.

“छान वाजवता हं तुम्ही,” ती म्हणाली. “माझे मिस्टरही वाजवतात.”

वेंडेल म्हणाले, “ऐकलंय मी, मॅडम. माझ्यापेक्षा चांगलं वाजवतात.”

मला तिथून पळून जावंसं वाटलं, आणि खरं सांगायचं तर मी पळूनच गेलो. व्हॅन टेकडीवरून खाली आणताना दोन्ही बाजूंना गॉर्सची पिवळी काटेरी झुडपं वाऱ्याने झोडपली जात होती आणि खाली बंदराचं पाणी शिशासारखं पडलं होतं. वाटलं, तडक घरी जावं, बाटली उचलावी आणि परत वर यावं. दुकानात चार गिऱ्हाइकं थांबली होती. मी दुकानात गेलो. त्यातल्या एका बाईला अँटिबायोटिकची बाटली देताना, “आजपासूनच सुरू करा हं, उशीर करू नका,” असं मी नेहमीच्या आवाजात सांगितलं, आणि मला स्वतःची लाज वाटली. तरीही त्या दिवशी बाटली जागेवरच राहिली. लाज वाटणं आणि हात हलणं या दोन गोष्टींत माझ्या बाबतीत बरंच अंतर असतं.

शनिवारी तिथी होती. वरणभात, खीर, अळूच्या ऐवजी पालकाची भाजी, असं जमेल तसं ताट करून मी मागच्या अंगणात ठेवलं. या देशात आपला कावळा नाही. पहिल्या वर्षी मी तासभर वाट पाहत उभा होतो. आता मला सवय झाली आहे, बंदराकडून सीगल येतात, ओरडतात, भांडतात आणि दोन मिनिटांत ताट साफ करतात. बाबांना गर्दी आवडायची, चालत असावं. मग मी आत येऊन खिडकीतली बाटली घेतली, खुर्चीत बसलो आणि बूच काढलं. श्वास सोडला, सावकाश घेतला. पुन्हा घेतला. पेपरमिंट आली, ज्येष्ठमध आलं, पण ते बाटलीतून आलं की माझ्या डोक्यातून, हे मला पहिल्यांदाच सांगता येईना. मी बूच लावलं, काढलं, परत लावलं. एका दुपारी मी पाच वर्षांचे श्वास संपवले.

तेवढ्यात मेधाचा फोन आला. तिथीला ती न चुकता करते. मी तिला सगळं सांगितलं, वेंडेल, पितळेची नळी, “माझे मिस्टरही वाजवतात,” सगळं. अठरा वर्षांच्या मुलाने परीक्षेत नापास झाल्याचं सांगावं तसं, शेवटचं वाक्य सर्वांत हळू: बाटली आहे माझ्याकडे, मी दिली नाही.

 मागे तिच्या फ्लॅटमधल्या वॉशिंग मशीनचा आवाज येत होता.

“हेमंत, एक विचारू? ती बाटली बाबांनी धुतली, पट्टी लावली, खोक्यात ठेवली. ती कुणासाठी होती?”

मी हातातल्या बाटलीच्या पट्टीवरच्या खाचा मोजल्या.

“तुझ्यासाठी नव्हती रे,” ती म्हणाली. “बिनबाटलीचा पेशंट येईल त्याच्यासाठी होती. तो आला आणि तू त्याला परत पाठवलास. मी तिथे असते ना, तर त्याच दिवशी नेऊन दिली असती, तू रुसला असतास तरी. सिरियसली.” मग तिचा आवाज उतरला. “उद्या संडे आहे. सकाळी जा.”

त्या रात्री बाटली कोमट पाण्यात ठेवल्यावर पट्टी अखंड सुटून वर तरंगली, सहाही खाचा जशाच्या तशा. मी ती टिपून एका जाड पुस्तकात ठेवली, बूच खिशात टाकलं आणि सकाळी दहाला वेंडेलच्या दारात उभा राहिलो. त्यांचं स्वयंपाकघर माझ्या घरातल्यासारखंच होतं, सिंकशेजारी एक कप. त्यांनी बाटली हातात घेतली, अंगठ्याने काच चाचपली, उजेडात धरून तिच्यातले बुडबुडे पाहिले.

“कुठे मिळाली?”

“वडिलांची आहे.”

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.  मधले बुधवार त्यांनाही मोजता येत होते. मग म्हणाले, “माझे हात थरथरतात. कापावी तुलाच लागेल.”

कापायची त्यांची पद्धत जुनी होती. खांद्याच्या खाली कानशीने गोलाकार ओरखडा काढायचा, त्यावर स्पिरिटमध्ये भिजवलेला दोरा गुंडाळून पेटवायचा, आणि ज्योत विझता विझता बाटली गार पाण्यात बुडवायची. नशीब असेल तर मान सरळ तुटते, नसेल तर सगळीच तडकते. तीस वर्षं गोळ्या मोजणारे माझे हात, पण त्या दिवशी दोऱ्याची गाठ मारताना मला दोनदा थांबावं लागलं. निळी ज्योत बाटलीभोवती फिरली. पाण्यात बुडवली तेव्हा ‘टक्’ असा एवढासा आवाज झाला. मान वेगळी होऊन तळाशी गेली आणि नळी माझ्या हातात राहिली, सरळ, न तडकलेली. पाणी नळाचं होतं, वास कसलाच नव्हता. आम्ही दोघं अर्धा तास ओल्या पॉलिश पेपरवर तिची कड घासत बसलो.

दुपारी त्यांच्याबरोबर मी रेस्ट होमला गेलो. ऊन पडलं होतं, वारा चक्क थांबला होता. डॉरीन खिडकीपाशी होती. वेंडेल खुर्चीच्या टोकावर बसले, नळी करंगळीत घातली, जरा फिरवून बसवली, आणि काच तारेला टेकवली.

पहिला सूर निघाला. तो आवाज गिटारचा वाटतच नव्हता. लांबवर कुणीतरी हाक मारावी आणि हाक अर्ध्यात वळून परत घराकडे जावी, तसा तो वर चढला आणि घसरला. दवाखान्याच्या त्या खिडकीमागे, माझ्या बाबांच्या हातात, ही काच इतकी वर्षं काय धरून बसली होती कोण जाणे. डॉरीनची मान वर झाली. तिचा चेहरा असा उजळला की आरोहा दारातच थबकली.

“वेंडेल!” डॉरीन म्हणाली. “हा वेंडेल वाजवतोय!”

आणि ती दाराकडे बघू लागली.

वेंडेल तिच्यासमोर दोन हातांवर बसले होते. त्यांनी वाजवणं थांबवलं नाही. तिने एकवार त्यांच्याकडे पाहिलं, अनोळखी पाहुण्याकडे बघावं तसं आपुलकीने, आणि शेजारची रिकामी खुर्ची हाताने जवळ ओढली, कुणीतरी येऊन बसणार असल्यासारखी. पुन्हा दाराकडे नजर. आरोहा माझ्या कानाशी कुजबुजली, “आत्ताआत्तापर्यंत चेहरा ओळखायची ना, म्युझिक चालू असताना. गेल्या दोन-तीन आठवड्यांतच गेलं बघ ते.” तिला बाटलीचं काही ठाऊक नव्हतं, ती सहज बोलली.  अठरा दिवस. औषध माझ्या खिडकीत उन्हात उभं होतं, आणि मी त्याचा वास घेत बसलो होतो.

“एव्हाना यायला हवा होता तो,” डॉरीन म्हणाली.

काच तारेवरून सावकाश खाली उतरली.

“एव्हाना यायला हवा होता तो.”

वेंडेलची नजर करंगळीवरच होती. टोपी नसलेलं त्यांचं डोकं मला त्या दिवशी पहिल्यांदाच फार म्हातारं दिसलं. ते म्हणाले, “येईल, मॅडम. बस चुकली असेल त्याची.”

आणि डॉरीन हसली. मोठ्याने, मान मागे टाकून, पहिल्यांदाच ऐकल्यासारखी.

कशाला हसली, हे मी तेव्हापासून स्वतःला विचारतो आहे. नुसताच एक विनोद म्हणून हसली असेल. एखाद्या जुन्या वाटेवरून पाय आपसूक चालतात, तसं तिचं हसू आपसूक आलं असेल. किंवा त्या क्षणापुरती, दाराकडची नजर न काढता, ती समोरच्या माणसापाशी येऊन गेली असेल. दाराकडे पाहत असलेल्या माणसाचा चेहरा अर्धाच दिसतो, त्यावरून काही ठरवता येत नाही. वेंडेल रोज दुपारी जातात. काच चांगली आहे, वाजते आहे. ती रोज त्यांचा सूर ओळखते आणि त्यांची वाट पाहते.

बूच माझ्या कोटाच्या खिशात आहे. मी त्याचा वास घेत नाही.

पुढच्या बुधवारी साडेदहाला वेंडेल आले. टोपी काउंटरवर ठेवली. मी पाकीट पुढे सरकवलं, वारांचे कप्पे दाखवले, तारीख दाखवली. त्यांनी पाकीट उचललं नाही.

“डॉक,” ते म्हणाले, “त्या दिवशी ती हसली. तू होतास तिथे. तू ऐकलंस ना?”

“ऐकलं,” मी म्हणालो. एवढं उत्तर द्यायला मात्र मी वेळ लावला नाही.